लाजरसबाबांची धाव

बापाच्या मायेपुढे जगातली कुठलीही शक्ती टिकत नाही. हे वाक्य आमच्या संस्थेच्या जीपवर मागच्या बाजूला निळ्या रंगात लिहिलेलं होतं. जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, त्यामुळे ते रोज सकाळी आमच्या अगदी नाकासमोर असे.

त्या दिवशीही धुक्यात मी आणि अमोस भिंगारदिवे जीप ढकलत होतो. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरल्याबद्दल दोन वर्षं शिक्षा भोगून अमोस नुकताच बाहेर आला होता आणि आम्ही त्याला त्याच्या घरी परत न्यायला निघालो होतो.

"सर," तो धापा टाकत म्हणाला, "ही जीप चोरली आसती ना, तर मला शिक्षाच झाली नसती. पोलिसांनी घाम बघून सोडून दिलं आसतं."

पुढच्या सीटवरून रेव्हरंड शांतवन उजागरे ओरडले, "अमोस, श्वास वाचव. आज तुला रडायचंय."

याला बावीस वर्षं झाली. तत्त्वज्ञानात एम.ए. केलेल्या माणसाला नगर जिल्ह्यात ज्या नोकऱ्या मिळू शकत होत्या, त्यांतली एकुलती एक मला मिळाली होती. शांतवन पाळकांची संस्था तुरुंगातून सुटलेल्या पोरांना घरी पोचवायची. हेतू उत्तम होता. सुटलेल्या पोराला घर मिळालं तर तो सुधारतो, नाही मिळालं तर महिनाभरात जुन्या दोस्तांच्या टेम्पोत बसतो, हे पाळकसाहेबांनी पुष्कळ पाहिलं होतं. पण पोचवण्याची त्यांची एक रीत होती आणि तिच्यातला कानामात्रा ते बदलू देत नसत.

रीत बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातली होती. घरदार उधळून गेलेला मुलगा परत येतो, बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सामोरा जातो. तेव्हा मुलानं दूर उभं राहायचं आणि बापानं यायचं. सुरुवातीला एकदा त्यांनी हे उलट केलं होतं. मुलगा आधी दारात गेला आणि बापानं त्याला पायताणानं बडवलं. पाळकसाहेबांच्या मते चूक क्रमाची होती.

दृष्टांतातला बाप मुलाला झगा, अंगठी आणि वहाणा देतो. आमच्या भागातले बाप बहुधा तयारीत नसत, म्हणून हे सामान आम्ही एका पत्र्याच्या पेटीत बरोबर नेत असू. अंगठी पितळेची होती. चपला टायरच्या. झगा मखमली, लालभडक. नाताळच्या नाटकात तो हेरोद राजा घालत असे. दृष्टांतातला बाप मेजवानीला पोसलेलं वासरू कापतो, त्याच्या जागी दोन कोंबड्या. सगळं अगदी यथासांग होतं, फक्त इतक्या वर्षांत एकही बाप धावला नव्हता. बरेचसे चालत आले. एक सायकलवरून आला. त्याला धावणं म्हणावं की नाही, यावर आमच्या कार्यकारिणीत दुपारभर चर्चा झाली.

"आजचा धावेल," जीप सुरू झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले. "लाजरस भिंगारदिवे म्हणजे जुना माणूस. चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवलीय त्यानं. त्याला हा दृष्टांत तोंडपाठ आहे."

मिशनवस्ती पारनेरच्या बाजूला, माळावर. वीसेक घरं, काळ्या दगडाचं छोटं चर्च आणि समोर कोरडा ओढा. ओढ्याच्या अलीकडे एक करंज होता. त्याच्याखाली आम्ही सतरंजी पसरली, बाजाची पेटी आणि ढोलकी मांडली. गाणाऱ्या दोन भगिनी होत्या, ढोलकीवाला होता. अमोस झाडाच्या पुढे, वाळूत, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. बरोबर समोर पलीकडच्या चढावर त्याचं घर होतं. धुकं इतकं दाट होतं, की घर जमिनीला टेकलेलं नाही असं वाटत होतं. नुसता उघड्या दाराचा एक काळा चौकोन हवेत तरंगत होता आणि त्यात मधूनच पांढरं काहीतरी येऊन उभं राही आणि विरून जाई.

"बाबा हायेत," अमोस हळूच म्हणाला.

माझ्या कामाला समन्वय म्हणत. म्हणजे ओढा ओलांडून जायचं आणि परत यायचं.

लाजरसबाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मांडीवर घोंगडी. सत्तरी ओलांडलेली. त्यांचा थोरला मुलगा सामसन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. अमोसनं चोरलेल्या मोटारींपैकी एक सामसनच्या विहिरीवरची होती.

"सलाम बाबा," मी म्हणालो. "अमोस आलाय."

"दिसला," लाजरसबाबा म्हणाले.

"तुम्ही जरा पुढे आलात तर—"

"का?" सामसन म्हणाला. "बाबांनी मोटार चोरली काय?"

"तसं नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं, बापानं—"

"दार उघडं हाये. त्याला दोन पाय हायेत. आन् वाट तर त्याला अंधारात बी गावती, आख्ख्या तालुक्याला माहितीये."

लाजरसबाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकरा, मी त्याला नाय म्हणत नाय. पण धाकट्यानं थोरल्याकडं यायचं, ही आमची रीत. उंबऱ्यावर येऊन म्हणावं, बाबा चुकलो. मी हाय इथंच."

मी परत आलो. अमोसनं ऐकून घेतलं आणि वाळूत बोटानं एक रेघ ओढली.

"मागल्या बारीला मीच गेलतो, सर. जामिनावर सुटलो तवा. दादानं दार लावलं. दादाचं मला काय वाटलं नाय, त्याची मोटार गेलती. पण बाबा आत बसले होते. नुस्ते खोकले आसते तरी मी उभा ऱ्हायलो आसतो." त्यानं रेघ पुसली. "आता मी नाय जात. माझं काय आसंल तर ते त्यांनी यावं. नायतर संध्याकाळची शिरूर गाडी हाये."

"शिरूरला कोण आहे?"

"पप्या."

पप्या म्हणजे त्याचा मोटारीच्या धंद्यातला भागीदार. तो पकडला गेला नव्हता आणि आता मोटारसायकलींत शिरला होता, असं ऐकिवात होतं.

मी हे पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "भजन सुरू करा."

भजन सुरू झालं. धुकं वर उचललं गेलं तरी ऊन आलं नाही. नुसता दुधी उजेड पसरला. कुठूनतरी मेंढ्या आल्या, आमच्याभोवतीनं पाण्यासारख्या वाहून गेल्या. बाभळींना पिवळी फुलं होती. समोरच्या दारात लाजरसबाबा आले. ओढ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. एक पायरी उतरले. मग परत वळून आत गेले.

"पाहिलंस?" पाळकसाहेब कुजबुजले. "आत झगडा चाललाय."

थोड्या वेळानं बाबा पुन्हा दारात आले. या वेळी दोन पायऱ्या उतरून भिंतीला हात लावून उभे राहिले. भगिनींनी आवाज चढवला. बाबा लगबगीनं आत गेले.

"जा, विनय. लोखंड तापलंय."

मी गेलो. लाजरसबाबा खुर्चीत जरा पुढे सरकून, पाठ ताठ करून बसले होते. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. ते पाहून, खरं सांगायचं तर, माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही गलबललं.

"किती वेळ बसणार तुमी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही येईपर्यंत बाबा."

"समदे?"

"सगळे."

"पाळकसाहेब बी?"

"ते तर उपाशी बसलेत. तुम्ही आल्याशिवाय अन्न घेणार नाहीत."

लाजरसबाबांनी डोळे मिटून घेतले. "आन् त्या बाया?"

"त्यासुद्धा."

दोन्ही हातांनी त्यांनी घोंगडी आवळून धरली होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वाईच पल्याड सरकता का? तिकडं, त्या लांबच्या वडाकडं. ओढ्याकाठनं उठून?"

आत सामसन काहीतरी बोलणार होता. "तू गप," बाबा म्हणाले.

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. पाळकसाहेबांनी त्यावर विचार केला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ बाप हाताळले होते.

"तो आपली परीक्षा पाहतोय," ते म्हणाले. "आपण हललो तर त्याला वाटेल, आपणच डळमळीत आहोत. जागा सोडायची नाही. उलट थोडं पुढे या."

आम्ही सतरंजी उचलून थोडं पुढे, ओढ्याच्या ऐन मध्यावर आलो.

दुपार कशी गेली ते मला आजही नीट सांगता येत नाही. उजेड तोच राहिला, सावल्या पडल्याच नाहीत. पेटीचा एक सूर अडकला होता. भजन थांबलं तरी तो वाजत राहायचा आणि मग कुणीतरी त्या सुरावर पुढचं भजन सुरू करायचं. दोन कोंबड्या टोपलीत झोपल्या. ढोलकीवाला बसल्या बसल्या झोपला आणि झोपेतही ठेका धरून राहिला. मी आणि अमोस वाळूत उताणे पडलो होतो. खालची वाळू ऊबदार होती आणि आकाश इतकं जवळ आलं होतं की हात वर करायची भीती वाटावी.

"सर, घंटेला कधी लोंबकाळला का तुमी?"

"नाही."

"बाबा रविवारी मला न्यायचे. घंटा वाजवली की दोर वर जातो ना, तवा ते मला दोराला धरायला लावायचे. दोर वर चालला की मी बी वर. पार पाय सुटायचे. खाली बघायचो तर बाबांचं डोकं." तो म्हणाला, "वर गेलो की वाटायचं, आता सुटला हात. पण खाली येईपस्तोर बाबांनी कंबरंला धरलेलं आसायचं. कधी धरायचे, ते कळायचंच नाय."

"मग तू जा ना त्यांच्याकडे."

"तेच तर म्हणतोय, सर," अमोस म्हणाला. "मी कधी गेलो नाय. तेच धरायचे."

समोर दारात पांढरी आकृती येत होती, जात होती. येण्याजाण्यातलं अंतर कमी होत चाललं होतं. भगिनींपैकी एक रडत होती. पाळकसाहेब गुडघ्यांवर होते. ते म्हणत होते, "प्रभू, हे हृदय मोकळं कर. जे अडलंय ते वाहू दे."

मग पश्चिमेकडून धुळीतून तांबूस उजेड आला आणि माळाच्या टोकावरच्या वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. शिरूर गाडी. वळणापासून फाट्यापर्यंत यायला तिला थोडा वेळ लागे.

अमोस उठला. कपड्यांवरची वाळू झटकली. पिशवी खांद्याला लावली.

"अजून थोडं थांब," मी म्हणालो.

"सर, तुमी चांगले हायेत. पण मोटारीचं मला कळतं. चालू व्हायची आसली तर ती पहिल्या झटक्यात होते. नायतर मग दिवसभर बटन दाबून फक्त वायरी जळत्यात."

"पप्याकडे गेलास तर पुन्हा आत जाशील."

"व्हय. पण तिथं जेवायला तरी बोलवत्यात."

त्यानं पाळकसाहेबांच्या दिशेनं हात जोडले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग घराकडे पाठ करून तो फाट्याकडे चालू लागला. मी त्याच्या मागे चार पावलं गेलो आणि थांबलो. अडवायला माझ्याकडे कुठलाही मुद्दा नव्हता. तत्त्वज्ञानात अशा वेळेसाठी काही शिकवलेलं नाही.

तेवढ्यात एक भगिनी किंचाळली, "धावतोय!"

मी वळलो. लाजरसबाबा धावत होते.

दार सोडून, पायऱ्या सोडून, चढ उतरून ते येत होते. अनवाणी. एका हातानं धोतराचा सोगा वर धरलेला, दुसरा हात घोंगडीच्या आत, घोंगडीचं टोक मागे पंखासारखं उडतंय. तो तांबूस उजेड त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पडला होता आणि पायांखालून धूळ उठत होती, त्यामुळे ते जमिनीच्या थोडे वरून येताहेत असं वाटत होतं. कसलाच आवाज नव्हता. पेटीसुद्धा थांबली होती.

"अमोस!" पाळकसाहेब ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "अमोस, मागे बघ! तुझा बाप धावतोय!"

अमोस वळला. पिशवी त्याच्या खांद्यावरून घसरून खाली पडली.

लाजरसबाबा मात्र सरळ आमच्याकडे येत नव्हते. ते ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या दाटीकडे झुकत होते.

"डोळ्यांत पाणी आहे," पाळकसाहेब म्हणाले. "वाट दिसत नाही त्याला. जा अमोस, सामोरा जा!"

अमोस धावला. बाभळींच्या जरा अलीकडे त्यानं बापाला गाठलं आणि त्यांच्या गळ्यात पडला. आम्ही सगळे धावलो. ढोलकी सुरू झाली. भगिनी गाऊ लागल्या. पत्र्याची पेटी उघडली गेली, झगा बाहेर आला.

"सोड," लाजरसबाबा म्हणत होते. "आरं सोड रं."

"नाय सोडणार, बाबा."

"सोड म्हणतो ना, लेका! आत्ता सोड!"

"मी चुकलो, बाबा. मला घरात घ्या."

"घेतलं! घेतलं! सोड!"

"देवाची स्तुती असो!" पाळकसाहेब गरजले. अंगठी अमोसच्या बोटात गेली. चपला त्याच्या पायांशी ठेवल्या गेल्या. पाळकसाहेबांनी झगा झटकून दोघांच्याही खांद्यांवर टाकला. फाट्यावर शिरूर गाडी थांबली, तिनं दोनदा हॉर्न वाजवला, कुणी येत नाही असं पाहून निघून गेली. अमोसनं तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. तो बापाला घट्ट धरून हुंदके देत होता.

आणि मग एका क्षणी लाजरसबाबांची धडपड थांबली. त्यांचं अंग सैल झालं. चेहऱ्यावरच्या सगळ्या आठ्या एकेक करून मिटल्या आणि तिथं अशी काही शांती आली, की तशी मी आजवर फक्त चर्चमधल्या रंगीत काचांवर पाहिली आहे. त्यांना आता कशाचीच घाई उरली नव्हती. त्यांनी हात उचलला आणि अमोसच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चल," ते म्हणाले. "घरी चल. मला आंघोळ करायचीये."

झगा खरं तर मुलासाठी होता. लाजरसबाबांनी तो दोघांच्या खांद्यांवरून ओढून घेतला, स्वतःच्या कमरेभोवती नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरून अमोसच्या पुढे, हळूहळू, पाय फाकवून घराकडे चालू लागले.

"पाहा," पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले. "मुलाची लाज बापानं स्वतःवर घेतली."

त्यावर ते पुढे नऊ वर्षं उपदेश करत राहिले. पुण्यात केला, सोलापुरात केला, मिरजेला केला. तो ऐकून लोक रडत.

त्या संध्याकाळी मी मागे राहिलो होतो, सतरंजी गुंडाळायला. सामसन ओढ्यात उतरून बाभळींपाशी काहीतरी शोधत होता. वाकून त्यानं वाळूतून एक टमरेल उचललं. आतलं पाणी सांडून गेलं होतं.

"सकाळपास्नं बाबांना ढाळ लागलेत," तो टमरेल झटकत म्हणाला. "घरामागं बायांची बाजू. गड्यांची बाजू ओढ्याकडची. आन् तुमी सकाळधरनं तिथंच भजनाला बसलेले."

मी म्हणालो, "अहो, मग सांगायचं ना!"

"कुणाला? पाळकसाहेबाला? बाबा मेले आसते, पण टमरेल घिऊन पाळकसाहेबाच्या म्होरनं गेले नसते. मी म्हणलं, मी जाऊन उठवतो त्यांना. तर मलाच शपथ घातली."

"म्हणजे ते अमोससाठी—"

"अमोसचं काय माहीत नाय," सामसन म्हणाला. "बाभळी गाठायच्या होत्या, एवढं माहितीये."

आम्ही दोघं चढ चढून वर गेलो. ओसरीच्या मागे चुलीवर हंडा ठेवलेला होता. अमोस बाही सरसावून उभा होता, नवी पितळी अंगठी बोटात. सामसननं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"पाणी तापलंय," सामसन म्हणाला. "उचल. मी त्यांना धरतो."

अमोसनं हंडा उचलला. तट्ट्याच्या आडोशाला दोघा भावांनी मिळून म्हाताऱ्याला आंघोळ घातली. पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मधूनच लाजरसबाबांचा, "आरं, लई कढत हाये."

समोरच्या अंगणात पाळकसाहेब कोंबड्यांवर आशीर्वाद मागत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही.

अमोसला मात्र सांगायची गरज नव्हती; पाणी त्यानंच ओतलं होतं. दोनेक वर्षांनी तो मला पारनेरच्या बाजारात भेटला, कांद्याची रोपं विकत होता. मी आडून आडून विचारलं, की त्या दिवशी बाबा कशासाठी धावले ते त्याला केव्हा कळलं.

"तवाच," तो म्हणाला. "गळ्यात पडलो तवाच. जवळ गेल्यावर कळतंय की, सर."

"मग सोडलं का नाहीस?"

"सोडलं आसतं तर ते बाभळीत गेले आसते आन् मी फाट्यावर." त्यानं एका गिऱ्हाइकाला जुडी बांधून दिली. "डोक्यावर हात त्यानंतर ठेवला ना त्यांनी. तवा तर त्यांना कुठं जायचं नव्हतं."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या योजनेतून भिंगारदिव्यांच्या घरामागे संडास बांधला गेला. खड्डा अमोसनं खणला.